दादाआजोबांचा फलक : प्रकल्प नोंदी

१६ जून २०२४

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या मराठी मंडळाच्या हॉलचं रंगकाम दिवाळीपर्यंत आटोपायचं आहे. जिन्याच्या भिंतीवरचे जुने फोटो उतरवलेत. गवई, तालमीचे उस्ताद, कॉलेजातले प्राध्यापक, एक वैद्यबुवा आणि गणवेशातले दादाआजोबा. त्यांच्या फोटोखाली संगमरवरी पट्टी होती : ‘रॉयल इंडियन एअर फोर्समधील वैमानिक. ब्रह्मदेशात जपान्यांशी लढताना वीरमरण.’ उतरवताना पट्टी मधोमध तडकली. नवी करायची, मजकूर तपासून करायचा, आणि शेजारी एक माहितीचा फलक लावायचा, असं समितीत ठरलं. काम माझ्याकडे आलं. मी त्यांच्या धाकट्या भावाची नात, त्यात शाळेतून निवृत्त, म्हणजे लोकांच्या हिशेबी रिकामीच.

हाताशी आहे ते एवढं : तो फोटो, एक लोखंडी ट्रंक आणि आत्याआजी. कामाचा नियम आजच लिहून ठेवते. फलकावरच्या प्रत्येक वाक्यामागे कागद हवा, नाहीतर प्रत्यक्ष पाहिलेलं माणूस हवं. दोन्ही नसेल तर वाक्य नको.

२३ जून

आत्याआजी म्हणजे दादाआजोबांची सर्वांत धाकटी बहीण. वय ९२. कान गेलेत, जीभ शाबूत आहे. तार आली तेव्हा ती अकरा वर्षांची होती. उन्हाळा होता, गच्चीवर कुरडया घातल्या होत्या आणि राखायला तिला बसवलं होतं. खाली काय झालं ते तिला कोणी सांगितलंच नाही. संध्याकाळी कुरडया काढायला कुणी वर आलं नाही, त्यावरून तिला कळलं.

मी विचारलं, जपान्यांनी पाडलं हे तारेत होतं का?

“तारेत कसलं गं? तारेत विमान पडलं एवढंच. वडीलही आधी तेवढंच सांगायचे.”

मग जपानी कुठून आले? यावर ती जरा थांबली आणि मग जे बोलली ते जसंच्या तसं उतरवते. “नाक्यावर एकजण वडिलांना म्हणाला, लढाईत नाही ना, शिकताना पडला ना? म्हणजे विमान नीट येत नव्हतं वाटतं. वडील घरी आले ते जेवले नाहीत. त्यानंतर ब्रह्मदेश सुरू झाला.”

सगळ्या कामाचं मूळ इथे आहे. मुलगा गेल्याचं दुःख त्या माणसाने सोसलं असतं. मुलगा कच्चा होता हे त्याला सोसलं नाही.

३० जून

ट्रंक माझ्याकडे आणली. वर रंगवलेलं नाव अजून वाचता येतं. आत : गणवेशाचा पट्टा, दाढीचं सामान, कमांडिंग ऑफिसरचं टाइप केलेलं पत्र, घरची पत्रं (ही आत्याआजीने स्वतःकडे ठेवून घेतली, ती मी मागितली नाहीत) आणि निळसर पुठ्ठ्याची फ्लाइंग लॉगबुक, म्हणजे ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सचा फॉर्म ४१४.

लॉगबुक ही वैमानिकाची रोजखर्डी. तारीख, विमानाचा प्रकार आणि क्रमांक, पायलट कोण, सोबत कोण, काम काय, दिवसाचे तास, रात्रीचे तास. रात्रीचं उड्डाण लाल शाईत. महिन्याच्या शेवटी बेरीज आणि वरिष्ठाची सही. अक्षर बारीक आणि उजवीकडे झुकलेलं.

लॉगबुक आणि पत्र मिळून त्यांची वाट उलगडली ती अशी : लाहोरजवळ वॉल्टनला प्राथमिक प्रशिक्षण, तिथे उड्डाण नाही, नुसती कवायत आणि वर्ग. मग हैदराबादचं बेगमपेठ, टायगर मॉथ हे शिकाऊंचं विमान. उड्डाण, उतरणं, पुन्हा उड्डाण, गिरकी, इंजिन बंद धरून शेतात उतरण्याचा सराव. एका ओळीत सोबतच्या रकान्यात कुणाचंच नाव नाही. ते पहिलं एकट्याचं उड्डाण. तिथे पेन जरा जोरात दाबलेलं वाटतं, पण हे मला वाटतं, फलकावर जाणार नाही. पुढे अंबाला, हार्वर्ड हे त्यापुढच्या सरावाचं विमान. शेवटी पेशावर आणि व्हल्टी व्हेन्जन्स हे बॉम्बफेकी विमान. एप्रिल १९४३ मधल्या एका ओळीनंतर दुसऱ्याच हातचं अक्षर येतं : उड्डाण अपघातात मृत्यू. खाली सही आणि शिक्का.

पेशावर. ब्रह्मदेश उलट्या टोकाला.

१४ जुलै

मुंबईच्या चुलतभावाने रात्री उशिरा फॉरवर्डची माळ पाठवली. त्याला ‘बडोदा स्क्वॉड्रन’, म्हणजे बडोद्याच्या नावाची हवाई दलाची तुकडी, सापडलंय. दादाआजोबा त्यातलेच, फलकावर त्या स्क्वॉड्रनचं मुंगसाचं चिन्ह घालायचं, स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाचं चित्रही घालायचं, असा त्याचा हट्ट.

स्क्वॉड्रन खरं आहे. रॉयल एअर फोर्सचं १२४ नंबरचं, अधिकृत नावातच ‘बडोदा’. संस्थानाने दिलेल्या देणगीच्या सन्मानार्थ हे नाव. त्या काळी देणगीसाठी एका स्पिटफायरची ठोकळ किंमत पाच हजार पौंड धरत. संस्थानं, शहरं, कारखाने असे पैसे गोळा करून देत आणि त्यांचं नाव विमानाला किंवा स्क्वॉड्रनला लागे. १२४ मे १९४१ मध्ये स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला कॅसलटाउनला उभं राहिलं, मग लंडनजवळ बिगिन हिलला आलं. चिन्ह मुंगूस, ब्रीद ‘संकट हीच आमची संधी’. ऑगस्ट १९४२ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या दिएपच्या चढाईवर ते उडालं, १९४५ मध्ये मिटिऑर जेट मिळाली, आणि एप्रिल १९४६ मध्ये त्याचा क्रमांक बदलून ५६ झाला. वैमानिक बहुतेक ब्रिटनचे, त्यात चेकोस्लोव्हाकियातून निसटून आलेलेही.

दादाआजोबांचा त्याच्याशी संबंध शून्य. ते इंग्लंडला गेलेच नाहीत. लॉगबुकमध्ये स्पिटफायरची एकही ओळ नाही.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. बडोद्याचं नाव घेऊन ज्यांनी इंग्लिश खाडीवर जीव दिला त्यांनी बडोदा कधी पाहिलं नव्हतं, आणि बडोद्याचा मुलगा मेला त्याच्या विमानावर बडोद्याचं नाव नव्हतं. पैशाची नोंद राहिली, इतिहासात बसली. मुलाची नोंद आम्हीच पट्टीवर चुकीची कोरली. भावाला कळवलं : मुंगूस नाही. त्याचं उत्तर अंगठा, कुठल्या अर्थाचा ते देव जाणे.

२८ जुलै

‘रॉयल’चा निकाल लागला. इंडियन एअर फोर्सला ‘रॉयल’ हे उपपद मार्च १९४५ मध्ये मिळालं आणि २६ जानेवारी १९५० ला गेलं. दादाआजोबा १९४३ मध्ये गेले. ते कधीच ‘रॉयल’ नव्हते. पट्टी लिहिणाऱ्याने बहुधा मागाहून भरती झालेल्या कुणाचा फोटो पाहिला असावा.

युद्धात गेलेल्यांच्या थडग्यांची आणि स्मारकांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत ते सापडले. पायलट ऑफिसर, इंडियन एअर फोर्स, वय, वडिलांचं नाव, पुढे ‘बडोदा’. स्मारक : दिल्ली/कराची १९३९-४५ युद्धस्मारकं. अविभाजित हिंदुस्थानच्या सैन्यातले जे २५ हजारांहून जास्त लोक प्रत्यक्ष रणभूमीपासून दूर मेले, त्यांची ही यादी. फाळणी झाली म्हणून स्मारक दोन देशांत. त्यांचं दहन पेशावरलाच झालं, हिंदू रीतीने आणि लष्करी मानाने. हे कमांडिंग ऑफिसरच्या पत्रात आहे. ब्रह्मदेशच्या आकाशात गेले असते आणि देह मिळाला नसता, तर नाव सिंगापूरच्या क्रांजीतल्या स्मारकावर असतं. यादीसुद्धा पेशावरचंच सांगते.

दिल्लीतलं स्मारक ब्रार स्क्वेअरला आहे, तिथे जाऊन यायचं मनात आहे. आत्याआजी म्हणाली, “तू जा. मला फोटो दाखव. पण फोटोत तू नको येऊस.”

२१ ऑगस्ट

पुतणीची मैत्रीण लंडनला शिकते. तिने सुटीच्या दिवशी तिथल्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये, म्हणजे सरकारी दप्तरखान्यात, बसून एआयआर २९ या मालिकेतल्या, पेशावरच्या १५२ नंबरच्या ऑपरेशनल ट्रेनिंग युनिटच्या पानांचे फोटो काढून पाठवले. बडोद्याला आली की शेव-उसळ माझ्याकडून.

नोंद चार ओळींची. डाइव्ह बॉम्बिंगचा, म्हणजे खाली झेपावत बॉम्ब टाकण्याचा सराव. विमान डाइव्हमधून बाहेर आलं नाही. दोघेही जागीच ठार.

दोघेही! आमच्या घरात ऐंशी वर्षांत ‘दोघे’ हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. व्हेन्जन्स दोघांचं विमान आहे : पुढे पायलट, मागे वायरलेस ऑपरेटर-गनर. मागच्या सीटवर एक सार्जंट होता, मद्रास इलाख्यातला. कमिशनच्या यादीत तीच तारीख, तेच स्मारक. त्याचं नाव मला आता माहीत आहे. त्याच्या घरच्यांपर्यंत पोहोचेपर्यंत या नोंदींत लिहिणार नाही.

ब्रह्मदेशाचा प्रश्न आता उरत नाही. हवाई दलाची व्हेन्जन्सवाली आपली दोनच स्क्वॉड्रन, ७ आणि ८. आठवं ब्रह्मदेशातल्या अराकानच्या मोहिमेत उतरलं डिसेंबर १९४३ मध्ये, सातवं इंफाळच्या बाजूला मार्च १९४४ मध्ये. दादाआजोबा तोवर गेलेले. रॉयल एअर फोर्सची व्हेन्जन्स स्क्वॉड्रन त्याआधीच आघाडीवर होती, पण दादाआजोबा त्यांतही नव्हते. लॉगबुक प्रशिक्षण युनिटचीच आहे.

३० ऑगस्ट

विश्वामित्रीला पूर. पाणी ३५ फुटांच्या वर गेलं, शहर अर्धं बुडालं, लोकांच्या अंगणात मगरी. आमच्या तळमजल्यात कमरेएवढं पाणी होतं. ट्रंक वेळेत वरच्या मजल्यावरच्या बेनकडे गेली, लॉगबुक त्यांच्या देवघरात. आठवडाभर दुसरं काही नाही, नुसता गाळ.

८ सप्टेंबर

गणपती बसले. दुपारी वेळ मिळाला तेव्हा जुन्या सवयीने गणित मांडलं. आयुष्यभर मुलांना हे शिकवलं, म्हटलं एकदा घरच्यासाठी करू.

व्हेन्जन्स जवळजवळ उभं खाली येतं. तेच त्याचं वैशिष्ट्य. पंख असे बसवलेत की सरळ उडताना नाक वर उचलून चालतं, आणि डाइव्हमध्ये मात्र अगदी रेषेत उतरतं. दहाबारा हजार फुटांवरून विमान उलथवायचं, पंखांवरचे ब्रेक उघडायचे, लक्ष्य नाकासमोर धरायचं, बॉम्ब सोडायचा आणि ओढून बाहेर यायचं. ब्रेक उघडे असतानाही वेग ताशी ३०० मैल धरू, म्हणजे सेकंदाला १३४ मीटर. गुरुत्वाच्या पाचपट जोराने ओढलं तर वळणाची त्रिज्या सुमारे ३६५ मीटर, म्हणजे १२०० फूट. एवढी उंची नुसत्या वळणात जाते, त्यात काही चुकलं नाही तरी. तीन हजार फुटांवर ओढायला सुरुवात केली तर हाताशी उरतात १८०० फूट. कागदावर भरपूर. पण पाचपट जोरात रक्त डोक्यातून पायांकडे उतरतं, डोळ्यांपुढे आधी राखाडी आणि मग काळं येतं. तीन सेकंद उशीर झाला की १३०० फूट गेले. पाचव्या सेकंदाला जमीन.

पाच सेकंद.

विमान नीट येत नव्हतं वाटतं, असं म्हणणाऱ्या त्या नाक्यावरच्या माणसाला हे गणित दाखवायला हवं होतं. अंबाल्याहून पुढे पाठवलेला वैमानिक कच्चा नसतो. कच्चे तिथेच गाळले जात. आणि डाइव्हचा सराव हा लढाईइतकाच उभा असतो. फरक एवढाच की खाली लक्ष्य म्हणून चुन्याचं वर्तुळ असतं.

आत्याआजीला आकडे सांगितले नाहीत. एवढंच सांगितलं की काही कळायच्या आत झालं असेल. ती म्हणाली, “हे मला तेव्हाच कुणी सांगायला हवं होतं.”

१ ऑक्टोबर

आज घातचतुर्दशी. शस्त्राने, अपघाताने, पाण्यात, आगीत गेलेल्यांचं श्राद्ध पितृपक्षात या तिथीला होतं. दादाआजोबांचं आमच्याकडे दर वर्षी याच दिवशी करतात. मी लहानपणापासून पाहते आणि कधी विचार केला नव्हता. गुरुजींना म्हटलं, आजवर तुम्ही युद्धात मेले म्हणून संकल्प सांगत होतात, ते सरावाच्या अपघातात गेलेत. काही बदलावं लागेल का? गुरुजी दर्भ सारखे करत म्हणाले, “तिथी तीच. पानं वाढा.”

समितीत माझी यावरून वादावादी चालली असताना शास्त्राने केव्हाच भेद मिटवून ठेवला होता. आत्याआजीच्या आग्रहाने पिंडांच्या बाजूला एक जादा घास त्या सार्जंटसाठी ठेवला. त्याचं गोत्र ठाऊक नाही. गुरुजींनी हरकत घेतली नाही.

२८ ऑक्टोबर

शहरात पंतप्रधान आणि स्पेनचे पंतप्रधान. सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानाच्या कारखान्याचं उद्घाटन. छप्पन्न विमानांपैकी चाळीस इथे बडोद्यात जुळवली जाणार. अर्धे रस्ते बंद, बाकीच्यांवर झेंडे. आमची समितीची सभा त्यामुळे फोनवर झाली आणि फोनवर माणसं जास्त बोलतात.

चुलतभावाचा मुद्दा : मुंगूस नाही तर नाही, पण ‘जपान्यांशी लढताना’ काढू नये. गावात आता विमानांचा विषय आहे, मुलं फलक वाचतील, त्यांना स्फूर्ती कसली मिळणार, सरावाची? वडिलांनी, म्हणजे माझ्या पणजोबांनी, जे सांगितलं ते खोटं ठरवायचं का?

दुसऱ्या मुद्द्यात दम होता, म्हणून त्याला नीट उत्तर दिलं. पणजोबांना खोटं पाडायची माझी इच्छा नाही. त्यांना खोटं बोलायला लावलं त्या नाक्यावरच्या प्रश्नाला मला उत्तर द्यायचं आहे. ब्रिटिश बॉम्बर कमांडच्या सव्वा लाख वैमानिक-सैनिकांपैकी ५५,५७३ मेले, आणि त्यातले आठ हजारांहून अधिक शत्रूच्या माऱ्याने नव्हे, सरावात आणि इतर अपघातांत. त्यांची नावं कुणी वेगळी काढलेली नाहीत. १९३९ मध्ये आपल्या हवाई दलाकडे एक स्क्वॉड्रन होतं, युद्ध संपताना नऊ. सहा वर्षांत एकाची नऊ कशी होतात? बावीस वर्षांच्या मुलांना घाईने अवघड विमानांत बसवून. पेशावरचा तो एप्रिल त्याच हिशेबातला आहे. ‘ब्रह्मदेश’ लिहिलं की सरावात गेलेले सगळे पुन्हा कमी दर्जाचे ठरतात, आणि त्यात पहिले आपलेच.

फोनवर थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग खजिनदार म्हणाले की संगमरवर की पितळ ते आधी ठरवा, दरात फरक आहे. पितळ ठरलं.

१७ नोव्हेंबर

मजकूर आत्याआजीला मोठ्याने वाचून दाखवला. तिने ‘वीर’ हा शब्द एकदा घालायला सांगितला, तो घालणार होते, मग तिनेच काढायला लावला. अंतिम मजकूर :

‘पायलट ऑफिसर, इंडियन एअर फोर्स. बडोद्यात जन्म. वॉल्टन, बेगमपेठ आणि अंबाला येथे प्रशिक्षण. एप्रिल १९४३ मध्ये पेशावर येथे व्हेन्जन्स विमानातून डाइव्ह बॉम्बिंगचा सराव करताना अपघातात मृत्यू. त्यांच्यासोबत याच विमानातील सार्जंट, वायरलेस ऑपरेटर-गनर, यांचाही मृत्यू झाला. दोघांची नावे दिल्ली आणि कराची येथील युद्धस्मारकांच्या यादीत आहेत.’

वर दादाआजोबांचं नाव. सार्जंटच्या नावासाठी पितळेवर जागा मोकळी सोडायला सांगितली आहे. यादीत त्याच्या वडिलांचं नाव आणि जिल्हा आहे. तिथल्या माजी सैनिकांच्या कार्यालयाला पत्र गेलं आहे, सोबत क्यूच्या पानाची प्रत. खाली गुजराती मजकूर, तो वरच्या मजल्यावरच्या बेनने तपासून दिला.

सभेत एका सदस्याने विचारलं, भिंत बडोद्याच्या मराठी मंडळींची आहे, मग हा मद्रासचा माणूस तिथे कशाला? मी सांगितलं, विमानात सीटा दोन होत्या. हरकत नोंदवून मजकूर मंजूर झाला. पेंटर पुढच्या आठवड्यात येतोय. तडकलेल्या जुन्या पट्टीचं काय करायचं तो विषय पुढच्या सभेच्या यादीत घातला आहे. मी ती ट्रंकेत ठेवा असं सुचवणार आहे, लॉगबुकच्या खाली.